गाडी सकाळी उचलत नाही आणि पीयूसीपण फेल? पार्ट बदलायच्या आधी या क्रमाने तपासा

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये माझी पेट्रोल गाडी सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारल्याशिवाय उचलायचीच नाही, उचलली की दोन मिनिटं थरथरायची, मागे पेट्रोलचा उग्र वास यायचा, आणि त्याच महिन्यात पीयूसीला नेली तर धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साईड) ०.३ टक्क्यांच्या आत हवा तिथे १ च्या वर. मी नाशिकला राहतो, थंडीत पहाटे पारा १० च्या आसपास येतो, त्यामुळे सगळ्यांनी खापर थंडीवर फोडलं. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग फ्युएल पंप, मग ऑक्सिजन सेन्सर, मिळून वीस हजाराच्या वर गेले आणि गाडी होती तशीच. शेवटी स्कॅनर लावून स्वतः बसलो तेव्हा दिसलं की रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट टेम्परेचर उणे १८ दाखवतंय. नाशिकमध्ये उणे १८! सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला होता, त्याचा रेझिस्टन्स वाढला आणि ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, वाटलं इंजिन गोठलंय, मग तो दाबून पेट्रोल मारत होता. वर आधी कुणीतरी थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला, त्यामुळे गाडी चालून चालून पण नीट गरम होत नव्हती. कनेक्टर साफ केला, नवीन थर्मोस्टॅट बसवला, दोन हजाराच्या आत दोन्ही त्रास गेले.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की स्टार्टिंगचा त्रास आणि पीयूसीचा त्रास वेगवेगळे धरून बघायचेच नाहीत. इंजिनला योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, योग्य वेळी ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, लागतं, यातलं काही बिघडलं की सकाळी ते सेल्फवर कळतं आणि दुपारी सायलेन्सरमधून. खाली जे लिहितोय ते मुख्यतः २०१३ नंतरच्या पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे, कारण त्यांना ओबीडी-२ चं, म्हणजे स्कॅनर जोडायचं, सॉकेट मिळतं, डिझेलचं शेवटी थोडं लिहिलंय.

काय सामान लागतं

एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एक ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर जो मोबाईल ॲपला जोडतो (हजाराच्या आसपास बरा मिळतो, अगदी स्वस्तातले अर्ध्या गाड्यांना जोडतच नाहीत), दहा नंबरचा पाना, प्लग पाना, टॉर्च, आणि जमलं तर स्पार्क टेस्टर. बस. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो. फॅन इंजिन बंद असताना पण अचानक फिरू शकतो, हात, ओढणी, मफलर लांब ठेवा. पेट्रोलच्या पाईपला हात लावायचा असेल तर आधी प्रेशर उतरवलेलं हवं, आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

आधी नीट ऐका, मग बॉनेट उघडा

"गाडी स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार असतात. चावी फिरवली आणि काहीच आवाज नाही. एकच "टक्" आला आणि शांत. "टकटकटकटक" अशी पटापट टकटक आली आणि डॅशबोर्डचे दिवे मंद झाले. किंवा सेल्फ मस्त जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही. पहिल्या तिन्हीत पेट्रोल, प्लग, सेन्सर यांचा काही संबंधच नाही, तिथे फक्त करंटचा प्रश्न आहे, आणि चौथ्यात बॅटरी बहुतेक ठीक आहे. हे फोनवर मेकॅनिकला नीट सांगितलं तरी निम्मं काम होतं.

अजून एक आवाज ओळखायला शिका. सेल्फ नेहमी "ह्रूं-ह्रूं-ह्रूं" असा दाबाच्या ठेक्यात फिरतो, तो अचानक एकसलग हलका "भुर्रर्र" फिरायला लागला तर टायमिंग बेल्ट किंवा चेन गेल्याची शक्यता असते. अशा वेळी परत परत सेल्फ मारू नका, पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून इंजिन उघडायची वेळ येते.

सेल्फ फिरतच नसेल तर

मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन खांबांवर लावा, केबलच्या क्लॅम्पवर नाही, खांबावर. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कारण मरायला टेकलेली बॅटरी पण उभ्या उभ्या १२.५ दाखवते आणि लोड आला की कोसळते. म्हणून दुसऱ्याला चावी मारायला सांगा आणि सेल्फ फिरताना मीटर बघा, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून परत टेस्ट करा, परत तसंच झालं तर बॅटरी गेली. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असेल तर मला आश्चर्य वाटत नाही, उष्णता बॅटरीला आतून मारते आणि थंडी ते फक्त उघड करते.

व्होल्टेज पुरेसं आहे आणि तरी फक्त "टक्" येतं? मग व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते, मोजा, ही टेस्ट फार कमी लोक करतात आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर इंजिनची अर्थिंग खराब आहे, पट्टी सोडून दोन्ही टोकं घासून परत आवळा. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड नटापर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. कोकणात, मुंबईच्या खाडीलगत राहणाऱ्यांनी तर ही अर्थिंगची पट्टी दर पावसाळ्यानंतर बघाच, खाऱ्या हवेने ती आतून सडते आणि बाहेरून धडधाकट दिसते.

बॅटरी आणि अर्थिंग दोन्ही ठीक असतील तर क्लच पूर्ण दाबलाय का (बऱ्याच गाड्यांना क्लच स्विच असतो), ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून उचलते का, सेल्फचा रिले (विजेवर चालणारा स्विच) टक करतो का हे बघा. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येते, फुकटात निदान. डॅशबोर्डवर चावीचं किंवा गाडी-कुलपाचं चित्र लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा, रिमोटची बॅटरी बदला, बटण स्टार्ट असेल तर रिमोट थेट बटणाला टेकवून दाबा. काही गाड्यांत इमोबिलायझर सेल्फ अडवतो, काहींत इंजिन उचलतं आणि एक-दोन सेकंदात बंद पडतं, ते दुसरं लक्षण लोक पेट्रोल पंपाचा प्रॉब्लेम समजतात.

सकाळी सकाळी बॅटरी उतरलेली असते पण चार्ज केली की दिवसभर चालते, असं असेल तर दोन गोष्टी. इंजिन चालू करून खांबांवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान येतंय का बघा, नाही तर अल्टरनेटर, ज्याला आपण डायनॅमो म्हणतो, तो चार्ज देत नाही. (नवीन काही गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त होतं, तिथे हेडलाईट-एसी लावून बघा.) चार्जिंग ठीक असेल तर गाडी लॉक करून तासभर झोपू द्या आणि निगेटिव्ह केबलमध्ये मीटर ॲम्पिअरवर लावून बघा, ५० मिलीॲम्पिअरच्या वर सतत खात असेल तर काहीतरी जागं राहतंय. बहुतेक वेळा ते नंतर बसवलेलं असतं, डॅशकॅम, म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

सेल्फ फिरतो पण पकडत नाही

इथे सगळ्यात आधी इग्निशन ऑन करा, सेल्फ न मारता, एसीचा ब्लोअर आणि म्युझिक बंद करून मागच्या सीटकडे कान द्या. टाकीतला फ्युएल पंप साधारण दोन सेकंद "झूं" करून थांबला पाहिजे. आवाजच नाही तर फ्यूज, रिले, मग पंपाच्या कनेक्टरला त्या दोन सेकंदात १२ व्होल्ट येतात का. व्होल्ट येतात आणि पंप गप्प, म्हणजे पंप गेला. व्होल्टच येत नाहीत तर पंप बदलून काही होणार नाही, मूळ वायरिंगमध्ये आहे. माझ्या गाडीचा पंप ही एक तपासणी न करताच बदलला गेला होता.

सीएनजीवाल्यांना इथे खास सांगतो. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर उचलतात आणि मग गॅसवर जातात, आणि मालक टाकीत दोन लिटर पेट्रोल महिनोन्महिने ठेवतो. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होतो, तो कोरडा पडून जळतो, आणि जुनं पेट्रोल उडून-कुजून पेटायला नाखूष होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकीत थोडंसंच पेट्रोल अनेक महिने पडून राहणं आणखी वाईट. निदान पाव टाकी ठेवा आणि आठवड्यातून एखाद दिवस दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

पंप चालतोय, मग स्कॅनर लावा आणि सेल्फ फिरताना लाईव्ह डेटात आरपीएम बघा. सेल्फवर १५०-२५० च्या आसपास आकडा दिसायला हवा. शून्यच राहिला तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा), त्याचा कनेक्टर किंवा वायर, ईसीएमला इंजिन फिरतंय हेच माहीत नाही म्हणून तो ना ठिणगी देतो ना इंजेक्टर उघडतो. हा सेन्सर बऱ्याचदा गरम झाला की मरतो आणि थंड झाला की जिवंत होतो, म्हणजे घाट चढून वर चहाला थांबलात, परत निघताना गाडी उचलत नाही, अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी उचलते. त्या अर्ध्या तासातच स्कॅनर लावायचा, गॅरेजला पोचेपर्यंत पुरावा गेलेला असतो.

आरपीएम येतोय तर ठिणगी. प्लग काढून बॉडीला टेकवून बघायची जुनी पद्धत आजच्या कॉईलवर (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) करू नका, अर्थ सुटली तर कॉईल आणि ईसीएम दोन्हीला धोका आणि आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते. स्पार्क टेस्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. प्लग मात्र काढून जरूर बघा, प्लग इंजिनची जीभ असते. पेट्रोलने ओला म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही, चार-पाच वेळा सेल्फ मारूनही ठणठणीत कोरडा म्हणजे पेट्रोलच येत नाही, सुकी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जादा), तेलकट काळा म्हणजे ऑईल जळतंय, फिकट तपकिरी म्हणजे तब्येत छान.

प्लग ओले असतील तर फ्लड मोड करा: एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शन गाड्यांत यावेळी ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो आणि आतलं जादा पेट्रोल हवेने साफ होतं. एका वेळी ५-७ सेकंदच, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर सेल्फ जळतो. पकडायला लागली की हळूहळू पाय काढा. या युक्तीने गाडी उचलली तर रिच मिश्रणाचा संशय पक्का धरा, आणि कूलंट टेम्परेचरचा आकडा लगेच बघा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट टेम्परेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर जवळजवळ सारखं असलं पाहिजे, दोन-चार डिग्रीचा फरक चालतो. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर निघालाय. माझं उणे १८ होतं, म्हणजे पूर्ण तुटलेलं नाही पण खोटं बोलणारं, आणि म्हणूनच स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला नव्हता. ईसीएमला हा आकडा शक्यतेच्या कक्षेत वाटला, काश्मीरमध्ये खरा पण ठरला असता. कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं समजणाऱ्यांनी हे एवढं लक्षात ठेवावं.

सकाळी पहिल्यांदा उशीर लावते पण नंतर दिवसभर ठीक असेल तर एक सोपी परीक्षा: चावी ऑन करा, पंपाचा आवाज थांबू द्या, ऑफ करा, परत ऑन, असं तीनदा, मग सेल्फ. लगेच उचलली तर रात्री लाईनमधलं प्रेशर उतरतंय, पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. इंजेक्टर गळत असेल तर पेट्रोलचा वास आणि उचलताना काळा धूर पण दिसेल.

आणि हे लक्षण ओळखीचं वाटतंय का बघा: पेट्रोल भरलं की पंपावरच गाडी उचलायला नाटक करते, एरवी कधीच नाही. हा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. टाकीतल्या वाफा कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठतात आणि या व्हॉल्व्हमधून इंजिनात जातात, तो बंद होत नसेल तर टाकी भरताना उठलेली सगळी वाफ एकदम आत शिरते. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकायचा प्रयत्न करा (पाईपकडची बाजू पुसून), करंट नसताना हवा पार गेली नाही पाहिजे. आणि पंपावर नोझल एकदा आपोआप बंद पडला की "राउंड फिगर करा दादा" म्हणून वर भरत बसू नका, कॅनिस्टरमध्ये पातळ पेट्रोल शिरतं आणि तो खराब होतो.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी नाही, तर कॉम्प्रेशन. गेज गॅरेजला असतो, सगळे प्लग काढून, एक्सलेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा आकडा घ्यायला सांगा, साधारण १० ते १३ बार येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. कमी असलेल्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा, वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

चेक इंजिन लाईट आणि लाईव्ह डेटा

लाईट स्थिर जळत असेल तर सावकाश गॅरेज गाठा, पण लुकलुकत असेल तर गाडी जोरात मिस मारतेय (एखादा सिलिंडर पेटत नाहीये) आणि न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाईपमधला धूर साफ करणारा भाग, पुढे नुसतं कॅट) जाऊन तिथे जळतंय, पाय काढा आणि बाजूला घ्या. कोड वाचल्यावर लगेच क्लिअर करू नका, आधी फोटो काढा आणि फ्रीझ फ्रेम बघा, कोड आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमला होतं, हे सगळं तिथे जपलेलं असतं आणि क्लिअर केलं की ते जातं.

कोड म्हणजे पार्टचं नाव नाही, हे मी गॅरेजच्या भिंतीवर लिहायला तयार आहे. पी ०१७१ म्हणजे "मिश्रण लीन" (पेट्रोल कमी, हवा जास्त), लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, पण सेन्सर बिचारा खरं सांगत असतो. पी ०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिस मारतोय, पार्ट मागवायच्या आधी त्याची कॉईल तीन नंबरवर लावा, कोड पी ०३०३ झाला तर कॉईल, तिथेच राहिला तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. पी ०३३५ क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं गरम होत नाही, जवळजवळ नेहमी थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅटवर मला थोडं बोलू द्या. आपल्याकडे "गरम देशात काय करायचाय तो" म्हणून तो काढून टाकायची जुनी सवय आहे. इंजेक्शन गाडीत हे फार नुकसान करतं. इंजिन ८५-९५ डिग्रीच्या ऐवजी ६० च्या आसपास रेंगाळतं, ईसीएम त्याला वॉर्म-अपमध्येच समजून जादा पेट्रोल देतो, ॲव्हरेज पडतं, सीओ वाढतो, ऑईलमध्ये पेट्रोल उतरतं. गाडी हायवेला पंधरा मिनिटं चालवून कूलंट टेम्परेचर बघा, ८० च्या खाली राहत असेल तर हेच.

आता फ्युएल ट्रिम, लाईव्ह डेटातली सगळ्यात बोलकी गोष्ट. ईसीएम ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती टक्के भर घालतोय किंवा कापतोय ते हे सांगतं. शॉर्ट (त्या क्षणाचं) आणि लाँग (शिकून ठेवलेलं) दोन्हींची बेरीज अधिक-उणे ५ च्या आत असली तर छान, १० च्या पलीकडे गेली की शोधायला लागा. आयडलला (रेस न देता) अधिक १५ आणि २५०० आरपीएमला अधिक ३ होत असेल तर बाहेरची हवा घुसतेय, फाटका व्हॅक्युम पाईप, इनटेकचं गॅस्केट. उलट आयडलला ठीक आणि रेस केल्यावर अधिक १५-२० व्हायला लागलं तर पेट्रोल कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर. बेरीज उणे १०, उणे १५ असेल तर रिच, गळका इंजेक्टर, अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह, चुकीचं टेम्परेचर.

इथे एक खाच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा मोजायला एअरफ्लो सेन्सर नसून मॅप सेन्सर असतो, म्हणजे इनटेकमधला दाब बघून हवा ओळखतात. अशा गाडीत व्हॅक्युम गळती असली तरी ट्रिम फारसं बिघडत नाही, त्याऐवजी आयडलचा आरपीएम वर चढतो आणि मॅपचा आकडा, जो गरम इंजिनला आयडलवर साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो, तो वाढतो. आणि मॅप सेन्सर स्वतः खरा आहे का हे फुकटात तपासायचं असेल तर इंजिन बंद, इग्निशन ऑन करून आकडा बघा, तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका हवा: मुंबई-रत्नागिरीला १०० च्या आसपास, पुणे-नाशिकला ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. पुण्यात बसून ८० दाखवत असेल तर सेन्सर चुकतोय.

पुढचा ऑक्सिजन सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर पळतो, कॅटच्या मागचा बहुतेक ०.६-०.७ ला शांत असतो. मागचापण पुढच्यासारखाच नाचायला लागला की कॅट थकला, तोच पी ०४२०. पण कॅट महाग असतो, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतात, त्यामुळे बदलायच्या आधी सायलेन्सरच्या पाईपला सांध्यात गळती नाही ना, गाडी मिस मारत नाही ना, ऑईल किंवा कूलंट पीत नाही ना, ही तिन्ही कारणं आधी मिटवा, नाहीतर नवीन कॅटपण तसाच मरेल.

पीयूसीचा कागद वाचायचा कसा

नियम थोडक्यात: नवीन गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, नंतर बीएस-४ आणि बीएस-६ (भारत स्टेज, प्रदूषण नियमांचे टप्पे) गाड्यांना वर्षातून एकदा, जुन्यांना सहा महिन्यांनी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी (न जळालेलं पेट्रोल) २०० पीपीएमच्या आत, आणि २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. बीएस-२, बीएस-३ ला सीओ ०.५ आणि एचसी ७५० पर्यंत चालतं.

लोक पास-नापास एवढंच बघून कागद खिशात घालतात, पण त्या चार आकड्यांत सगळं निदान असतं. सीओ जास्त, लॅम्डा ०.९७ च्या खाली, म्हणजे पेट्रोल जादा, वर रिचची जी जी कारणं लिहिली ती घ्या. एचसी जास्त पण सीओ कमी, म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, मिस, खराब प्लग, कॉईल, किंवा इतकं लीन की पेटतच नाही. दोन्ही जास्त असतील तर रिच आणि बहुतेक कॅटपण थंड किंवा मेलेला. लॅम्डा १.०३ च्या वर आणि बाकी सगळं छान असेल तर बऱ्याचदा सायलेन्सर फुटलेला असतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. चार गॅसचं मशीन असेल तर ऑपरेटरला सीओटूचा आकडा दाखवायला सांगा, निरोगी पेट्रोल गाडीला १३ ते १५ टक्के येतो, ९-१० आला आणि ऑक्सिजन जास्त असेल तर नळी पुरेशी आत घातलेली नाही किंवा गळती आहे, ती टेस्ट धरूच नका.

कॅट साधारण २५०-३०० डिग्रीला गेल्यावर कामाला लागतो, त्यामुळे पीयूसी सेंटर घराशेजारी असेल तरी आधी १५-२० मिनिटं गाडी चालवून न्या आणि रांगेत फार वेळ आयडलवर उभी ठेवू नका. थंड गाडी नेऊन फेल झालेल्या निरोगी गाड्या मी बघितल्यात. पण गाडी न नेता कागद मिळवायची वाट कृपा करून धरू नका, सीओ जास्त आहे म्हणजे तुमचं पेट्रोल वाया जातंय आणि मागे स्कूटरवर बसलेलं पोर तोच धूर घेतंय.

धुराचा रंगपण सांगतो: काळा म्हणजे पेट्रोल जादा, निळसर म्हणजे ऑईल, पांढरा आणि इंजिन गरम झाल्यावर पण न थांबणारा, गोडसर वासाचा म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. हिवाळ्यात सकाळी पहिली पाच मिनिटं पांढरी वाफ आणि सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब येणं हे नॉर्मल आहे, घाबरू नका.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: तिथे स्पार्क प्लग नाहीत, थंडीत उचलायला त्रास आणि सुरुवातीला पांढरा धूर असेल तर ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारे), डिझेल फिल्टर बदलल्यावर उचलत नसेल तर लाईनमध्ये हवा, हातपंपाने प्राईम करा, आणि काळा धूर असेल तर एअर फिल्टर, टर्बोचा फाटका पाईप, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) या क्रमाने.

काम झाल्यावर

पार्ट बसवला, गाडी उचलली, बिल दिलं, इथे थांबू नका. कोड क्लिअर करा आणि गाडी रात्रभर उभी ठेवा, कारण सकाळच्या त्रासाची परीक्षा सकाळीच होते. पहिला सेल्फ मारायच्या आधी कूलंट आणि हवेचं टेम्परेचर जुळतंय का बघा, मग उचलायला किती सेकंद लागले, मग अर्धा तास चालवून कूलंट ८५ च्या वर पोचला का आणि ट्रिम किती. माझ्या गाडीचं त्या सकाळी कूलंट ११, हवा १२, पहिल्याच सेल्फला उचलली, हायवेवर ८८ ला स्थिर, ट्रिमची बेरीज अधिक २. तशीच गरम गाडी घेऊन पीयूसीला गेलो, सीओ ०.०२ आला. हे सगळे आकडे मी सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवलेत, दर सहा महिन्यांनी त्याखाली नवीन ओळ लिहितो.